१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येचे गुणधर्म आणि वर्गीकरणाचा प्रश्न

नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. तिचे अंक एकापासून नऊपर्यंत चढतात आणि त्याच क्रमाने उतरतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांच्या यादीत तिचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी पडतो. त्याच्या पुढे ‘परार्ध’ हे एकच स्थान उरते. गणिताच्या गमतींच्या पुस्तकांत ही संख्या नेहमी भेटते, परंतु तिच्या गुणधर्मांची नीट मांडणी करायला बसले की एक जुना आणि अजून पुरता न सुटलेला प्रश्न समोर येतो. मोठ्या पूर्ण संख्येबद्दल आपण जे जे सांगतो, त्यातले तिचे स्वतःचे किती आणि दहाच्या पायावर लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे दिसणारे किती? आणि या दुसऱ्या प्रकारच्या गुणधर्मांना गणितात कोणते स्थान द्यायचे?

या प्रश्नावर शतकभरात बरेच लिहिले गेले आहे आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काही महत्त्वाची प्रमेयेही सिद्ध झाली आहेत. प्रस्तुत लेखात ही एक संख्या हाताशी धरून आधी पार्श्वभूमी, मग वर्गीकरणाच्या दोन पद्धती, त्यांच्यातील संबंध, अभ्यासकांच्या भूमिका आणि शेवटी शिल्लक राहिलेले प्रश्न अशा क्रमाने आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी : महावीराचार्यांपासून कापरेकरांपर्यंत

अंकांच्या देखण्या रचनेकडे लक्ष वेधणारी परंपरा भारतात जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. गुणाकाराच्या उदाहरणांत त्यांनी असे गुणाकार निवडले आहेत की उत्तरातील अंक गळ्यातल्या कंठ्याच्या मण्यांसारखे सारख्या क्रमाने मांडलेले दिसावेत. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ मिळते. ही संख्या म्हणजे सहा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग, म्हणजे आपल्या संख्येची धाकटी बहीण. १२३४५६७९ ला ९ ने गुणून १११११११११ मिळवण्याचे उदाहरणही याच ग्रंथात आहे.

विसाव्या शतकात या संख्यांना वेगळे नाव मिळाले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याकडून. कापरेकरांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळाली येथे शाळेत शिक्षक म्हणून काम केले. जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजचे डोंबिवली, या स्थानकावर त्यांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतची मालिका ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणून ओळखली जाते. या विषयावर १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांचे टिपण आले आणि पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

डेम्लो संख्येची मूळ कल्पना साधी आहे. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करायचे. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली की मधल्या भागातला अंकच पुन्हा पुन्हा मिळायला हवा. १२३२१ मध्ये १२ आणि २१ यांची बेरीज ३३ येते आणि मधला अंक ३ आहे. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९ आणि उजवीकडे ८७६५४३२१ आहे. कडेच्या दोन भागांची बेरीज ९९९९९९९९ होते.

संख्यांच्या वर्गीकरणाची दुसरी परंपरा ग्रीकांकडून आली. तिचा आधार अंकांची मांडणी हा नव्हता, संख्येचे विभाजक हा होता. इ. स. १०० च्या सुमारास निकोमॅकसने विभाजकांच्या बेरजेवरून संख्यांचे न्यून, परिपूर्ण आणि अधिक असे तीन वर्ग केले. त्याआधी युक्लिडने सम परिपूर्ण संख्या तयार करण्याची रीत दिली होती. पुढे फर्मा, ऑयलर आणि गाऊस यांच्या हातून आधुनिक संख्यासिद्धांत उभा राहिला तो याच परंपरेच्या पायावर.

पहिली पद्धत : अवयवांवरून ओळख

आपल्या संख्येचे मूळ अवयव काढले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार मिळतो. संख्या कोणत्याही पायावर लिहिली तरी ही फोड बदलत नाही. तिच्यावरून पुढच्या सर्व गोष्टी ठरतात.

एकूण विभाजक ४५ आहेत. ही विषम संख्या येणे अपरिहार्यच आहे, कारण विभाजकांची संख्या विषम असते ती फक्त पूर्ण वर्गांची. संख्या स्वतः वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली तर ती संख्येच्या सुमारे ५३.५ टक्के भरते. म्हणून निकोमॅकसच्या वर्गीकरणात ही संख्या न्यून ठरते. ती परिपूर्ण असण्याचा संभव आधीच निकालात निघतो. विषम पूर्ण वर्गाच्या सर्व विभाजकांची बेरीज विषमच येते, आणि परिपूर्ण संख्येसाठी ती बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, असावी लागते.

प्रत्येक मूळ अवयव निदान दोनदा येत असल्यामुळे ही संख्या ‘पॉवरफुल’ या वर्गात बसते. हे नाव सॉलोमन गोलोम्ब यांनी १९७० मध्ये रूढ केले. त्याआधी १९३० च्या दशकात एर्डोश आणि सेकेरेश यांनी अशा संख्या किती विरळ आहेत याचा अंदाज बांधला होता. आपल्या संख्येचे दोन्ही शेजारी मात्र या वर्गात येत नाहीत. पुढच्या संख्येत २ हा अवयव एकदाच आहे आणि मागच्या संख्येत ५ हा अवयव एकदाच आहे.

दोन वर्गांच्या बेरजेचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. ज्यांना ४ ने भागल्यावर ३ उरतात असे मूळ अवयव सम घातांत असतील, तरच संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते. ३ आणि ३३३६६७ हे दोन्ही त्या जातीचे आहेत आणि दोन्ही सम घातांत आहेत. ३७ ला भागल्यावर १ उरतो, आणि ३५ व १२ यांच्या वर्गांची बेरीज ३७ च्या वर्गाइतकी आहे. त्यावरून १०५१०५१०५ चा वर्ग आणि ३६०३६०३६ चा वर्ग मिळवले की नेमकी आपली संख्या तयार होते. पायथागोरसच्या काटकोन त्रिकोणाच्या भाषेत, १११११११११ हा कर्ण असलेला पूर्णांकी काटकोन त्रिकोण अस्तित्वात आहे.

विभाजकांच्या बेरजेतही एक खोल धागा आहे. ८१ च्या विभाजकांची बेरीज १, ३, ९, २७ आणि ८१ मिळून १२१ येते आणि हा ११ चा वर्ग आहे. तीनच्या पायावर हीच बेरीज १११११ अशी लिहिली जाते. फक्त १ या अंकाने लिहिलेली संख्या, जिला रिपयुनिट म्हणतात, कोणत्या पायांवर वर्ग, घन किंवा त्याहून वरचा घात ठरते हा नागेल आणि ल्युंगग्रेन यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न आहे. किमान तीन अंकांच्या अशा संख्यांची तीनच उदाहरणे आज माहीत आहेत: तीनच्या पायावर १११११ म्हणजे १२१, सातच्या पायावर ११११ म्हणजे ४००, आणि अठराच्या पायावर १११ म्हणजे ३४३. वर्गांपुरती दोनच उदाहरणे आहेत हे ल्युंगग्रेनने १९४३ मध्ये सिद्ध केले. चौथे उदाहरण कुठेच नाही, हे सर्व घातांसाठी सिद्ध व्हायचे आहे.

दुसरी पद्धत : अंकांवरून ओळख

अंक पाहून सांगता येणारे गुणधर्म याच संख्येत भरपूर आहेत. ती उलटसुलट सारखीच वाचली जाते. तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. इतर देशांत त्या निवेन यांच्या नावानेही ओळखल्या जातात, कारण १९७७ मध्ये इव्हान निवेन यांनी एका व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला होता. १९९३ मध्ये कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी दाखवले की दहाच्या पायावर लागोपाठ २१ हर्षद संख्या असू शकत नाहीत. लागोपाठ २० मात्र सापडतात.

कापरेकरांची आणखी एक संकल्पना स्वयंभू संख्यांची. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. ज्या संख्येला असा कोणीच जनक नाही ती स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू नाही. १२३४५६७८९८७६५४२४० च्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तेवढी तिच्यात मिळवली की आपलीच संख्या येते. स्वयंभू संख्या सर्व संख्यांत ठरावीक प्रमाणात विखुरलेल्या आहेत आणि ते प्रमाण शून्य नाही, हे १९८२ मध्ये उंबर्टो झान्निएर यांनी सिद्ध केले.

कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली की ती संख्या परत मिळते. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ यांची बेरीज २९७. १११११११११ ही या कसोटीत बसत नाही. तिच्या वर्गाचे शेवटचे नऊ अंक आणि उरलेले आठ अंक मिळवले की ९९९९९९९९९ येते, म्हणजे १११११११११ च्या नऊपट.

हे सर्व गुणधर्म दहाच्या पायाशी बांधलेले आहेत. बाराच्या पायावर लिहिली तर हीच संख्या चढउताराचे हे रूप टाकून देते. तिचे विभाजक, तिचे न्यूनत्व आणि तिच्यातील दोन वर्ग मात्र तसेच राहतात. दोन पद्धतींतला हा मूलभूत फरक आहे आणि तो सर्व पक्षांना मान्य आहे.

दोन पद्धतींमधील संबंध

फरक मान्य केला तरी दोन पद्धती एकमेकींपासून तुटलेल्या आहेत असे म्हणता येत नाही. हीच संख्या ते चांगले दाखवते.

आधी चढउताराचे रूप पाहू. कोणत्याही पायावर १ हा अंक ठरावीक वेळा लिहून वर्ग केला, तर हातचा येत नाही तोवर १, २, ३ अशी चढण आणि मग उतरण मिळते. पाया दहा असला की ही मालिका नवाव्या पायरीवर संपते. दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते आणि हातच्यामुळे आकृती मोडते. पाया सोळा घेतला तर मालिका पंधराव्या पायरीपर्यंत चालते. म्हणजे रूप दहाचे असले तरी त्यामागचा नियम सर्व पायांचा आहे, आणि आपली संख्या ही दहाच्या पायावरील शेवटची पायरी आहे.

आता अवयव पाहू. १० चा नववा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ९९९९९९९९९ मिळते, आणि तिची फोड आहे ३ चा चौथा घात, ३७ आणि ३३३६६७. आपल्या संख्येत हेच तीन मूळ अवयव आहेत. एखाद्या मूळ संख्येने १ ला भागल्यावर येणाऱ्या आवर्ती अपूर्णांकात किती अंकांनी पुनरावृत्ती होते, ही त्या मूळ संख्येची आवर्तलांबी. १ ही आवर्तलांबी असलेली मूळ संख्या फक्त ३. ३ ही आवर्तलांबी असलेली फक्त ३७. आणि ९ ही आवर्तलांबी असलेली फक्त ३३३६६७. अशा एकट्या संख्यांना सॅम्युएल येट्स यांनी १९८० मध्ये ‘युनिक प्राइम’ म्हटले. ९ चे विभाजक १, ३ आणि ९ आहेत, आणि आपल्या संख्येचे मूळ अवयव त्या प्रत्येकाचे एकुलते एक प्रतिनिधी आहेत. पहिल्या पद्धतीने सापडलेली फोड दुसऱ्या पद्धतीच्या पायाशी अशी घट्ट जोडलेली आहे.

कापरेकर संख्यांबाबत हा संबंध प्रमेयाच्या रूपात मिळतो. २००० मध्ये डग्लस इआनुची यांनी दाखवले की दहाच्या पायावरील कापरेकर संख्या या १० च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी एकास एक जुळतात. कारण समजायला अवघड नाही. वर्गाचे दोन भाग मिळवून तीच संख्या परत येते, याचा अर्थ त्या संख्येचा आणि तिच्या आधीच्या संख्येचा गुणाकार ९९९ सारख्या संख्येने भागला जातो. २९७ मध्ये २७ हा अवयव आहे, २९६ मध्ये ३७ आहे, आणि २७ गुणिले ३७ म्हणजेच ९९९. त्याच लेखात त्यांनी दाखवले की दोनच्या पायावर प्रत्येक सम परिपूर्ण संख्या कापरेकर संख्या असते. देवळालीच्या शिक्षकाची कल्पना आणि युक्लिडची कल्पना इथे एका जागी येतात.

अभ्यासकांच्या भूमिका

पहिली भूमिका जी. एच. हार्डी यांची. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी अंकांवर आधारलेल्या दोन तथ्यांची उदाहरणे दिली आहेत. एक असे की ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या त्यांच्या उलट लिहिलेल्या रूपाच्या पटीत आहेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. दुसरे असे की १ सोडून अंकांच्या घनांची बेरीज तेवढीच येणाऱ्या संख्या १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या चारच. हार्डींच्या मते ही तथ्ये कोड्यांच्या सदराला शोभतात, पण गंभीर गणितात त्यांना स्थान नाही, कारण त्यांतून कोणताही व्यापक विचार निघत नाही. या भूमिकेचे बळ त्यातील कसोटीत आहे. प्रमेयाचे मोल ते किती दूरपर्यंत पोहोचते यावर ठरावे, असे हार्डी म्हणतात, आणि ही कसोटी आजही संख्यासिद्धांताचे बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरी भूमिका कापरेकरांसारख्या, संख्यांशी मैत्री करणाऱ्यांची. त्यांच्या मते संख्येचे निरीक्षण हे स्वतःतच मोलाचे काम आहे आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवीची गरज नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या संकल्पना जगापुढे मांडल्या, तेव्हा या भूमिकेला मोठा वाचकवर्ग मिळाला. निरीक्षण आधी आणि सिद्धांत नंतर, हा क्रम गणिताच्या इतिहासात वारंवार दिसतो, हे तिच्या बाजूचे मुख्य म्हणणे आहे. हार्डींचेच उदाहरण त्याला आधार देते. उलट लिहिल्यावर पटीत येणाऱ्या संख्यांचा सर्व पायांसाठी व्यवस्थित अभ्यास १९६६ मध्ये ए. सटक्लिफ यांनी सुरू केला आणि पुढे नील स्लोन यांनी २१७८ वर स्वतंत्र लेख लिहिला.

तिसरी भूमिका विश्लेषक संख्यासिद्धांताच्या अभ्यासकांची आहे आणि ती अलीकडे सर्वांत अधिक फळली आहे. अंक हे संख्येचे स्वाभाविक अंग नाहीत, हेच त्यांना उपयोगी वाटते. बेरीज-गुणाकाराची रचना आणि अंकांची रचना या दोन परक्या रचना आहेत. त्या एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत, हे सिद्ध करणे हे त्यांच्या मते कठीण आणि अर्थपूर्ण काम आहे. हा प्रश्न गेलफोंडने १९६८ मध्ये मांडला होता. क्रिस्तियान मोदुई आणि जोएल रिवा यांनी २०१० मध्ये सिद्ध केले की अंकांची बेरीज सम असलेल्या आणि विषम असलेल्या मूळ संख्या दीर्घकाळात सारख्याच प्रमाणात येतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात जेम्स मेनार्ड यांनी दाखवले की दहापैकी कोणताही एक अंक वर्ज्य केला तरी त्या अंकाविना लिहिलेल्या मूळ संख्या अनंत आहेत. मेनार्ड यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळाले.

चौथी भूमिका संग्राहकांची. स्लोन यांनी १९६४ मध्ये, विद्यार्थी असतानाच, पूर्णांकांच्या मालिका गोळा करायला सुरुवात केली. १९७३ आणि १९९५ मध्ये त्याची पुस्तके निघाली, आणि १९९६ पासून तो संग्रह संगणकावर सर्वांना खुला आहे. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत. अंकांवर अवलंबून असलेल्या मालिकांना तिथे स्वतंत्र खूण केली जाते, म्हणजे दोन पद्धतींतला भेद नोंदला जातो पण दोन्हींना दार उघडे असते. गोव्रि, देलहाये आणि झेनिल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक लक्षणीय गोष्ट दाखवली. कोणती संख्या किती मालिकांत येते याचा आलेख काढला तर बिंदूंचे दोन वेगळे पट्टे पडतात आणि मध्ये मोकळी जागा राहते. वरच्या पट्ट्यात मूळ संख्या, घात आणि पुष्कळ विभाजक असलेल्या संख्या आहेत. ही फट केवळ गणिताने समजावता येत नाही. गणितींच्या समाजाला काय आवडते याचाही तिच्यात वाटा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वर्गीकरण हे संख्येइतकेच वर्गीकरण करणाऱ्यांबद्दलही बोलते, हे या अभ्यासामुळे आकड्यांनिशी पुढे आले.

न सुटलेले प्रश्न

आपल्या संख्येच्या प्रत्येक गुणधर्मामागे एक खुला प्रश्न उभा आहे.

न्यून, परिपूर्ण, अधिक या जुन्या वर्गीकरणात विषम परिपूर्ण संख्या आहे की नाही, हे अजून ठरलेले नाही. पास्कल ओशेम आणि मिकाएल राव यांनी २०१२ मध्ये दाखवले की ती असलीच तर १० च्या १५०० व्या घाताहून मोठी असेल.

पॉवरफुल संख्यांत ८ आणि ९ सारख्या लागोपाठ जोड्या अनंत आहेत. लागोपाठ तीन अशा संख्या कधीच येत नाहीत, असा अंदाज एर्डोश आणि इतरांनी बांधला आहे. तो सिद्ध झालेला नाही.

फक्त १ या अंकाने लिहिलेल्या संख्यांत मूळ संख्या किती, हाही प्रश्न खुला आहे. अशी संख्या मूळ असायची तर तिच्या अंकांची संख्याही मूळ असावी लागते. १११११११११ मध्ये नऊ अंक आहेत, म्हणून तिला १११ ने भाग जातो. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ अंकांच्या अशा मूळ संख्या विसाव्या शतकातच सिद्ध झाल्या. ४९०८१ अंकांची २०२२ मध्ये आणि ८६४५३ अंकांची २०२३ मध्ये सिद्ध झाली. ८१७७२०७ अंकांची अशी एक संख्या २०२१ मध्ये सापडली आहे. चाचण्यांनुसार ती बहुधा मूळ आहे, पण तिची पक्की सिद्धता नाही. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे कोणालाच सिद्ध करता आलेले नाही.

उलटसुलट सारख्या मूळ संख्यांचे तेच. २००४ मध्ये बँक्स, हार्ट आणि साकाटा यांनी दाखवले की अशा जवळजवळ सर्व संख्या संयुक्त असतात. त्यातल्या मूळ संख्या अनंत आहेत का, हे माहीत नाही. अलीकडे अलेक्सांद्र टुक्सानिडी आणि डॅनियल पनारियो यांनी सिद्ध केले आहे की जास्तीत जास्त सहा मूळ अवयव असलेल्या अशा संख्या अनंत आहेत. सहावरून एकापर्यंत उतरण्याची वाट अजून कोणाला दिसलेली नाही. १९६ या छोट्या संख्येत तिचे उलट रूप मिळवत राहिलो तर कधीतरी उलटसुलट सारखी संख्या येईल का, हा शाळकरी वाटणारा प्रश्नही दहाच्या पायावर अनुत्तरितच आहे.

शेवटी गणनेचा प्रश्न. संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची जलद आणि निश्चित रीत आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. अवयव काढण्यासाठी तशी जलद रीत नेहमीच्या संगणकावर आहे की नाही, हे माहीत नाही. २०२० मध्ये २५० अंकांच्या एका संख्येची फोड करण्यासाठी संगणकांचा फार मोठा ताफा लागला. आपली सतरा अंकी संख्या आजच्या कोणत्याही फोनवर क्षणात फुटते, आणि तिच्या रचनेमुळे ती हातानेही फुटते. पण १० च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या मोठ्या संख्यांची फोड १९२५ मध्ये कनिंगहॅम आणि वुडॉल यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात अजून चालूच आहे, आणि कापरेकर संख्यांची संपूर्ण यादीही त्या फोडीवरच अवलंबून आहे.

आजची स्थिती

आज पहिल्या पद्धतीचे प्राधान्य निर्विवाद आहे. संख्येची खरी ओळख तिच्या अवयवांत आहे आणि पाया बदलल्यावर टिकते तेच तिचे स्वतःचे, याबद्दल दुमत नाही. मात्र अंकांवरचे गुणधर्म गणिताबाहेरचे आहेत, ही हार्डींच्या काळातील धारणा आज त्या रूपात उरलेली नाही. हार्डींची कसोटी टिकली आहे. त्या कसोटीला अंकांचे काही प्रश्न उतरले आहेत, एवढाच बदल झाला आहे. जिथे निरीक्षण एका संख्येपाशी थांबते तिथे ते नोंद म्हणून राहते. जिथे ते सर्व पायांसाठी विचारले जाते, किंवा अंक आणि अवयव यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न बनते, तिथे त्यातून मोदुई-रिवा, मेनार्ड आणि इआनुची यांच्यासारखी प्रमेये निघतात.

यावरून शाळा-महाविद्यालयांत गणित शिकवणाऱ्यांना एक उपयोगी दिशा मिळते असे मला वाटते. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या फळ्यावर लिहून तिच्या देखणेपणावर थांबू नये. विद्यार्थ्यांना पुढचे तीन प्रश्न विचारावेत: हा गुणधर्म पाया बदलल्यावर टिकतो का, टिकत नसेल तर त्याच्या मागे सर्व पायांना लागू होणारा नियम कोणता, आणि तो नियम अवयवांच्या भाषेत कसा सांगता येईल? डेम्लो संख्यांसाठी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज हाताशी आहेत आणि दहावीच्या गणितात ती समजावता येतात. उलटसुलट सारख्या मूळ संख्यांसाठी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जगात कोणाकडेही नाही. उत्तर सापडलेला आणि न सापडलेला असे दोन्ही प्रश्न एकाच तासाला, एकाच संख्येवरून मुलांपुढे ठेवता येतात. आजच्या गणिताची सरहद्द कुठे आहे हे त्यांना दाखवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.